सांगलीत राहून परदेशी क्लायंट: ६० प्रपोजल गेली, एकही काम नाही. काय चुकतंय?

आयर्विन_पूल:
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात ६ वर्षं काढली. दिवाळीनंतर ऑर्डरी घटल्या आणि आमच्यातल्या चौघांना थांबायला सांगितलं. सगळे म्हणतात पुण्याला जा. पण वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मिरजेला न्यावं लागतं आणि घरात दुसरं कोणी नाही. म्हणून घरूनच काम शोधतोय.

३ महिन्यांपूर्वी एका मोठ्या फ्रीलान्सिंग साइटवर प्रोफाइल काढलं. आतापर्यंत ६० प्रपोजल पाठवली. दोघांनी ती उघडून पाहिली, उत्तर एकाचंही नाही. दर सगळ्यात कमी ठेवलाय, तासाला ३ डॉलर. बायकोनं शिकवण्यांचे साठवलेले पैसे यात जातायत, ते मनाला फार लागतं. ज्यांना यातून खरंच काम मिळालंय त्यांनी कृपया मोकळेपणानं सांगा. हे बंद करू की चालू ठेवू?

कराड_संगम:
वाचतोय. मी कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज संपल्यावर मलाही हेच करायचंय, म्हणून धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

गोडोलीकर:
आयर्विनदादा, मी साताऱ्याची. ७ वर्षं ऑस्ट्रेलियातल्या छोट्या धंद्यांची हिशोबाची कामं घरून करते. पहिले चारही क्लायंट अशाच साइटवरून मिळाले, त्यातले दोन अजून आहेत. तेव्हा बंद करू नका. पण जे चाललंय तसंही चालू ठेवू नका.

आधी खर्चाचा हिशोब मांडू. तुमची साइट अपवर्क धरते. तिथं प्रपोजल पाठवायला कनेक्ट नावाची टोकन लागतात, एक कनेक्ट ०.१५ डॉलरला पडतो. एका कामाला सरासरी १२ कनेक्ट धरले तर ६० प्रपोजलना ७२० कनेक्ट, म्हणजे १०८ डॉलर. रुपयांत ९,००० च्या वर. एवढे पैसे घालून काय पाठवलं ते पाहायला हवं. तुमचं एक प्रपोजल इथं चिकटवाल का? नाव-गाव काढून, मराठीत सार दिलंत तरी चालेल.

आयर्विन_पूल:
ताई, बहुतेक ठिकाणी हेच पाठवलंय:

"महोदय, मी आपली जाहिरात वाचली. मी मेहनती व प्रामाणिक असून मला ६ वर्षांचा अनुभव आहे. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया, फोटोशॉप, एक्सेल, डेटा एन्ट्री, पीडीएफ ते वर्ड ही सर्व कामे मी करतो. १०० टक्के समाधानाची खात्री. दर कमी. कृपया एक संधी द्यावी."

गोडोलीकर:
मोकळेपणानं विचारलंत म्हणून मोकळेपणानं सांगते, राग मानू नका.

क्लायंटसमोर २०-३०, कधी ५० प्रपोजलची यादी असते. त्या यादीत प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. तुमच्या पहिल्या दोन ओळींत तुम्ही जाहिरात वाचली आणि तुम्ही मेहनती आहात एवढंच आहे. त्याच्या कामाबद्दल एक शब्द नाही. मेहनती तर यादीतला प्रत्येकजण आहे.

दुसरी गोष्ट. फाउंड्रीत ६ वर्षं काढलेला माणूस डेटा एन्ट्रीही करतो म्हटल्यावर समोरच्याला वाटतं, याला नक्की येतं तरी काय? तुम्हाला कास्टिंगची ड्रॉइंग येतात. ड्राफ्ट अँगल, म्हणजे साच्यातून सुटायला दिलेला उतार, किती ठेवायचा, मशिनिंगला किती माल सोडायचा, हे नुसतं सॉफ्टवेअर शिकलेल्या पोराला ठाऊक नसतं. तुमचं भांडवल ते आहे, आणि तुमच्या प्रपोजलमध्ये तेच कुठे दिसत नाही.

तिसरी, दर. ३ डॉलर हा त्या साइटवर लावता येणारा जवळजवळ तळाचा दर आहे. ज्याच्या मशीनचा पार्ट तुटलाय आणि वर्कशॉप बंद पडलंय, तो इतका कमी दर पाहून घाबरतो. चुकीच्या ड्रॉइंगवरून पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना, बनला तर त्याचं नुकसान किती होईल, याचा विचार तो आधी करतो.

हळद_अडत:
मी या वयात इथं नुसता वाचायला येतो, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. आमची सांगलीच्या मार्केट यार्डात दोन पिढ्यांची हळदीची अडत. ताई जे म्हणतात ते आम्ही रोज सौद्यात बघतो. शेतकरी राजापुरीचा चांगला माल आणतो आणि पोती भरायला त्यात बारीक-सारीक मिसळून टाकतो. खरेदीदार पोत्यात हात घालतो, वर काढतो, आणि भाव मिसळलेल्या मालाचाच लावतो. निवडून वेगळा ढीग लावला असता तर त्याच हळदीला क्विंटलमागं चांगला फरक पडला असता. तुमचं डेटा एन्ट्रीचं पोतं बाजूला काढा, पोरा.

आणि एक विचारायचं होतं. ही साइट दलाली किती घेते आणि त्या बदल्यात देते काय? आम्ही अडत घेतो, पण वजन आमच्या काट्यावर होतं, खरेदीदाराची पत आम्ही ओळखतो, पैसे बुडाले तर शेतकरी आमच्या दारात येतो. हिथं कोणाच्या दारात जायचं?

गोडोलीकर:
काका, मुद्द्याचा प्रश्न विचारलात. नवी मुलं हे विचारतच नाहीत.

दलाली साइटनुसार वेगवेगळी. फायव्हर विक्रेत्याकडून सरसकट २० टक्के घेतं. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठरलेल्या रकमेच्या कामाला साधारण १० टक्के. अपवर्कनं २०१६ साली २०, १०, ५ अशा पायऱ्या केल्या होत्या, म्हणजे एकाच क्लायंटचं काम वाढत गेलं की दलाली कमी. २०२३ साली ते सरसकट १० टक्के झालं आणि मे २०२५ पासून नव्या करारांवर ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान, कामानुसार. करार स्वीकारण्याआधी आकडा समोर दिसतो, तो बघूनच पुढे जायचं.

बदल्यात काय मिळतं? ठरलेल्या रकमेचं काम असेल तर क्लायंटला पैसे आधी साइटकडे ठेवावे लागतात, त्याला एस्क्रो म्हणतात. आपण काम सादर केलं की त्यानं १४ दिवसांत मंजूर करायचं किंवा दुरुस्ती सांगायची. त्यानं काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात. तासाचं काम असेल तर संगणकावर त्यांचं ॲप लावायचं. ते दर १० मिनिटांच्या टप्प्यात स्क्रीनचा एक फोटो घेतं. तो त्यांचा काटा समजा. त्या काट्यावर झालेल्या तासांना संरक्षण आहे. हातानं भरलेल्या तासांना नाही.

म्हणून आयर्विनदादा, हे पक्कं ध्यानात ठेवा: माइलस्टोनवर, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यावर, पैसे भरलेले दिसल्याशिवाय एक रेघही ओढायची नाही. पहिल्या कामाच्या आनंदात लोक हे विसरतात. मीही एकदा विसरले होते आणि ११ दिवसांचं काम फुकट गेलं. तो क्लायंट परत कधी दिसला नाही आणि मला कुठे तक्रारही करता आली नाही, कारण करारच झाला नव्हता.

हळद_अडत:
म्हणजे पट्टी हातात येण्याआधी माल गाडीत चढवायचा नाही. समजलं.

कास_धुकं:
शाहूपुरी, सातारा. वेब डेव्हलपर. फसवणुकीचा विषय निघालाय म्हणून माझ्यावर गुदरलेलं सांगतो, त्यातून एखादा जरी वाचला तरी बरं.

मागच्या वर्षी एका कामासाठी बोलणं चालू होतं. समोरचा नीट बोलणारा, मानधन चांगलं. म्हणाला, आमचा प्रोजेक्ट उतरवून घ्या, चालवून बघा आणि एक छोटा दोष दुरुस्त करून दाखवा, म्हणजे तुमची परीक्षा होईल. मी फाइल उतरवली, नेहमीच्या कमांड दिल्या. १० मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले. दोन मेल खाती गेली, एका जुन्या क्लायंटच्या सर्व्हरची किल्लीही गेली. त्या क्लायंटला रात्री २ वाजता फोन करून सांगितलं. तो फोन करताना जी लाज वाटली ती अजून जात नाही. पण लगेच सांगितल्यामुळं त्याचं नुकसान टळलं आणि तो आजही माझ्याबरोबर आहे.

आता अनोळखी माणसाचा कोड मी व्हर्च्युअल मशीनमध्येच उघडतो, म्हणजे संगणकातच केलेल्या वेगळ्या, बंदिस्त संगणकात. कॅडवाल्यांनीही सांभाळा. ड्रॉइंग म्हणून आलेल्या झिपमध्ये डीडब्ल्यूजी किंवा पीडीएफऐवजी शेवटी ईएक्सई किंवा एससीआर असलेली फाइल निघाली तर ती उघडायची नाही, ते ड्रॉइंग नव्हे, चालणारा प्रोग्राम असतो.

आणखी दोन सापळे. एक: कामाआधीच टेलिग्रामवर या म्हणणारा, आणि तिथं गेल्यावर नोंदणी किंवा अनामत म्हणून पैसे मागणारा. काम देणारा कधी पैसे मागत नाही. दोन: "तुमचं खातं आम्हाला वापरायला द्या, महिन्याला अमुक रक्कम देतो." हे आपल्या भागातल्या पोरांना सर्रास विचारतात. खातं तुमच्या ओळखपत्रावर असतं. त्यावरून कोणी काही केलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कराड_संगम:
खातं भाड्यानं देण्याबद्दल आमच्या हॉस्टेलवर दोघांना विचारणा झाली होती. त्यांना हा प्रतिसाद दाखवतो.

आयर्विन_पूल:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काल रात्री परत परत वाचलं. तुमचं म्हणणं पटलं. पण एक अडचण आहे. दाखवायला नमुना काय ठेवू? ६ वर्षांत शेकडो ड्रॉइंग केली, पण ती सगळी कंपनीची. ती टाकणं बरोबर नाही ना?

गोडोलीकर:
अजिबात बरोबर नाही. ती टाकली तर उद्या आपलीही ड्रॉइंग हा माणूस अशीच दाखवेल, असं क्लायंटला वाटणार. स्वतःचे नमुने बनवा. तुमच्या विषयातलं मला कळत नाही, पण हिशोबात मी असंच केलं होतं. एक काल्पनिक बेकरी घेतली, तिचे वर्षभराचे व्यवहार लिहिले आणि ऑस्ट्रेलियाचा तिमाही करअहवाल कसा दिसेल ते करून प्रोफाइलवर ठेवलं. त्यांचं आर्थिक वर्ष जुलै ते जून असतं. ते मला ठाऊक आहे हे त्यातून आपोआप दिसत होतं. पहिल्या क्लायंटनं नेमकं तेच पाहून बोलावलं.

हळद_अडत:
नमुन्याला वस्तू पाहिजे असेल तर घरी ये. आमच्या हरिपूरच्या घरामागं जुन्या उसाच्या चरकाची दातेरी चाकं पडलीत, बिडाची. एक दात तुटलेलं चाकही आहे. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून या जिल्ह्यात घरोघरी असलं ओतीव लोखंड पडलेलं आहे. कुणाची परवानगी मागायला नको. व्हर्नियर आण, चहा घे आणि हवं तेवढं मोज.

आयर्विन_पूल:
काका, रविवारी येतो. खरंच येतो.

तासगाव_बेदाणा:
मी जरा वेगळ्या बाजूनं लिहितो. मी ग्राफिक डिझायनर, तासगाव. मी फायव्हरवर आहे. तिथं उलटं चालतं. आपण प्रपोजल पाठवत नाही, आपलं दुकान मांडून बसतो, त्याला गिग म्हणतात, आणि गिऱ्हाईक शोधत आपल्याकडं येतं. २०१० साली सुरू झालं तेव्हा सगळं ५ डॉलरला, नावही त्यावरूनच. त्यामुळं प्रपोजलचा खर्च वाचतो, पण गिगचं नाव अचूक नसेल तर आपण कोणाला दिसतच नाही. माझं पहिलं गिग "मी कोणतंही डिझाइन करेन" असं होतं. ४ महिने शुकशुकाट. मग बदलून "सुक्या मेव्याच्या पाउचचं छपाईला तयार डिझाइन" केलं. आमच्या घरी बेदाण्याचं शेड आहे, पाउचवर काय कुठं लागतं हे लहानपणापासून बघतोय. तीन आठवड्यांत पहिली ऑर्डर आली, दुबईहून, खजुराच्या पाउचची.

लोगोची कामं माझ्याकडं दोन वर्षांत फार कमी झाली, कारण लोक आता एआयकडून चित्र काढून घेतात. पाउचची कामं टिकली. छापखान्याला नुसतं चित्र चालत नाही. डाय-लाइन, म्हणजे कापायच्या-दुमडायच्या रेषा लागतात, कडेनं ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी जादा छपाई लागते, रंग छपाईच्या सीएमवायके पद्धतीत लागतात, बारकोड वाचला गेला पाहिजे. ते जो बरोबर देतो त्याच्याकडं माणूस परत येतो.

आणि फक्त परदेशाच्याच मागं लागू नका. माझं निम्मं उत्पन्न तासगाव-सांगलीच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांकडून येतं. परदेशी गिऱ्हाइकांनी दिलेले अभिप्राय दाखवले तेव्हा इथल्या लोकांनी विश्वास ठेवला, हेही खरं.

कास_धुकं:
सहमत. फक्त एक जोडतो. साइटवर भेटलेल्या क्लायंटला "आता थेट पैसे पाठव" असं सांगू नका. अपवर्कचा नियम २ वर्षांचा आहे. त्याआधी बाहेर जायचं तर साइटला वेगळं शुल्क भरून, रीतसर. नियम मोडून खातं बंद झालं की अभिप्राय आणि इतिहास सगळा जातो, आणि तो कितीही पैसे दिले तरी परत मिळत नाही.

पोवईनाका:
मी साताऱ्यात करसल्ल्याचं काम करतो. माझ्याकडे असे १५-२० फ्रीलान्सर येतात, बहुतेक गोंधळ झाल्यावर. आधी आले तर काम सोपं असतं. थोडक्यात सांगतो.

परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेकडून किंवा पेओनियरसारख्या सेवेकडून आवक रकमेचा दाखला मिळतो, एफआयआरए म्हणतात. तो दर महिन्याला उतरवून ठेवा. पैसे घेताना ते कशाचे आहेत हे सांगणारा पर्पज कोड विचारला जातो. सॉफ्टवेअर सल्लागारीचा पी०८०२ सगळे डोळे मिटून टाकतात. तुमच्या कामाशी जुळणारा कोड टाका. ड्रॉइंग म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे.

आयकर: इंजिनिअरिंग, हिशोबनिशी, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना १९६१ च्या कायद्यात ४४एडीए कलम होतं. एकूण जमा रकमेच्या किमान निम्मा नफा धरायचा आणि त्यावर कर. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाख. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पद्धत तीच आहे. यात आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरायचा.

इथं लोक एक चूक हमखास करतात. १०० डॉलरच्या कामात साइटनं १० कापून ९० बँकेत आले, तर जमा १०० धरायची, ९० नाही. कापलेली दलाली हा तुमचा खर्च, आणि तो खर्च म्हणून सुटलेल्या निम्म्यात आलाच.

जीएसटी: सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. पुढे नोंदणी झाली तर निर्यातीवर शून्य दर आहे, पण दरवर्षी हमीपत्र भरायचं.

आणि विवरणपत्र पहिल्या वर्षापासून भरा, उत्पन्न करपात्र नसलं तरी. घराच्या कर्जासाठी बँकेत गेलात की पगाराची स्लिप मागतात. तुमच्याकडे ती नसते, तिथं दोन-तीन वर्षांची विवरणपत्रंच बोलतात. माझ्याकडे एक मुलगी आली होती, महिन्याला ८०,००० कमावणारी. विवरणपत्र एकही नाही. कर्ज मिळालं नाही.

गोडोलीकर:
हे वाचून फार बरं वाटलं. मी पहिली दोन वर्षं ९० च धरत होते, नंतर दुरुस्त केलं.

वेळेबद्दल दोन शब्द लिहिते, कारण घरच्यांना ते सगळ्यात जड जातं. मी मुद्दाम ऑस्ट्रेलिया निवडला. माझे पहाटेचे ५ म्हणजे सिडनीचे साडेनऊ किंवा साडेदहा, ऋतूप्रमाणे. मुलगा उठायच्या आत तीन तास शांत काम होतं आणि दुपारी २ ला मी मोकळी. अमेरिकेचं काम घेणाऱ्यांची रात्र जाते. आयर्विनदादा, तुमच्या मिरजेच्या फेऱ्या सकाळी असतील तर रात्रीचं अमेरिका तुम्हाला जमेलही, पण दोन्हीकडून झोप जाऊ देऊ नका. प्रोफाइलवर स्पष्ट लिहा, अमुक ते अमुक वेळ मी उत्तर देईन. लोकांना ते आवडतं.

सासूबाई सुरुवातीला शेजारी सांगायच्या, "सून घरीच असते." आता सांगतात, "सुनेचं ऑस्ट्रेलियाचं काम आहे, सकाळी फोन करू नका." याला ४ वर्षं लागली.

तासगाव_बेदाणा:
वीज आणि नेटची तयारी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा माझा एक मित्र सांगलीत अडकला होता, पाच दिवस ना वीज ना नेट. पाणी वाढतंय दिसल्याबरोबर त्यानं मोबाइलवरून सगळ्या क्लायंटना दोन ओळी पाठवल्या होत्या आणि तयार असलेल्या फाइल अर्धवट का होईना देऊन टाकल्या होत्या. एकही ऑर्डर रद्द झाली नाही. न सांगता गायब झाला असता तर सगळ्या गेल्या असत्या.

गोडोलीकर:
आयर्विनदादा, पुढच्या प्रपोजलआधी क्लायंटचं पान नीट वाचा. पैसे भरायची पद्धत पडताळलेली आहे का, आजवर किती खर्च केलाय, जाहिराती दिल्या त्यातल्या किती कामांना खरंच माणूस घेतला, आणि आधीच्या लोकांना अभिप्राय काय दिलेत. १० जाहिराती आणि एकही नेमणूक नाही, असा दिसला तर सोडून द्या. आठवड्याला दोनच प्रपोजल पाठवा, पण प्रत्येकात त्याच्या कामाबद्दल असा एक प्रश्न विचारा जो फक्त फाउंड्रीत काम केलेला माणूस विचारेल.

आयर्विन_पूल:
दोनच? बरं. तसंच करतो.

(सात आठवड्यांनी)

आयर्विन_पूल:
मंडळी, सांगायला आलोय. पहिलं काम झालं. पैसे परवा खात्यात आले.

सविस्तर लिहितो, कारण इथूनच सगळं मिळालं. काकांकडे दोन रविवार गेलो. तुटका दात असलेलं चाक, एक ब्रॅकेट आणि जुन्या पंपाचं झाकण मोजलं. प्रत्येकाचे फोटो, हातानं काढलेलं स्केच, थ्री-डी आणि पक्कं ड्रॉइंग असे नमुने केले. ड्रॉइंगमध्ये वस्तूच्या बाजू मांडायची पद्धत आपल्याकडे फर्स्ट अँगल आणि मापं मिलिमीटरमध्ये, अमेरिकेत थर्ड अँगल आणि इंच. प्रत्येक ड्रॉइंग दोन्ही पद्धतींनी काढलं. प्रोफाइलवरून बाकीचं सगळं पुसलं आणि एकच ठेवलं: तुटलेल्या किंवा जुन्या कास्टिंगवरून नवी ड्रॉइंग. दर १२ डॉलर केला. हात थरथरत होता ते करताना.

नंतर एकूण ९ प्रपोजल गेली. तिघांची उत्तरं आली. काम मिळालं ते ओहायोतल्या एका छोट्या दुरुस्तीच्या वर्कशॉपचं. जुन्या लाकूडकामाच्या मशीनचा ब्रॅकेट तुटलेला, बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. त्यानं ११ फोटो आणि हातानं लिहिलेली मापं टाकली होती. मी पहिल्याच ओळीत लिहिलं: "तुमच्या चौथ्या फोटोत बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर ४ १/२ इंच दिसतं, सातव्यात ४ ३/८. कोणतं धरायचं? आणि मापं तुटलेल्या पार्टची आहेत, मग पॅटर्नसाठी आकुंचन धरलेलं ड्रॉइंग हवंय की नुसतं तयार पार्टचं?" (ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, ते आकुंचन.) अर्ध्या तासात उत्तर. तो म्हणाला, बाकी सगळ्यांनी होईल म्हणून सांगितलं, मापातला फरक कोणी पाहिला नाही.

९० डॉलर ठरले, ३० आणि ६० असे दोन माइलस्टोन. पहिला भरलेला दिसेपर्यंत थांबलो, ताई. दोन ड्रॉइंग दिली: एक ओतकामाचं, एक मशिनिंगचं. ग्रे कास्ट आयर्नला फुटामागं १/८ इंच आकुंचन, हे फाउंड्रीत पहिल्या वर्षी पॅटर्नमेकर मामांनी शिकवलेलं. ते नोंदीत लिहिलं तेव्हा त्यांची फार आठवण झाली. एक चूकही झाली. टायटल ब्लॉकमध्ये थर्ड अँगलचं चिन्ह टाकायचं राहिलं. त्यानं दाखवलं, त्याच रात्री दुरुस्त करून दिलं. मंजुरीनंतर ५ दिवस पैसे साइटकडे थांबतात हे ठाऊक नव्हतं, ते दिवस कठीण गेले. आल्यावर आधी बायकोला दाखवले.

पोवईनाका साहेब, दाखला उतरवून ठेवलाय आणि वहीत जमा ९० च धरलीय, दलाली वजा न करता.

पोवईनाका:
उत्तम. वही अशीच चालू ठेवा.

हळद_अडत:
चाकाचं सोनं झालं पोरा. हिनं विचारलंय, परत कधी येणार. वडिलांना घेऊन ये.

गोडोलीकर:
अभिनंदन! डोळ्यांत पाणी आलं वाचून. त्या क्लायंटला महिन्याभरानं एक निरोप पाठवा, ब्रॅकेट बसला का म्हणून. काम मागू नका, नुसतं विचारा.

आयर्विन_पूल:
विचारायची वेळच आली नाही, ताई. काल त्यानंच लिहिलं. त्याच मशीनचे आणखी ६ पार्ट आहेत, आणि त्याच्या शेजारच्या वर्कशॉपलाही हवंय. तारखा बघितल्या तर एकट्यानं होणार नाही, मिरजेच्या फेऱ्या चालूच आहेत. थ्री-डी मी करीन, पण मापं तपासून थर्ड अँगलला ड्रॉइंग काढणारं कोणी हवं. क्लायंटला विचारून घेतलंय, मदतनीस घेतला तर त्याची हरकत नाही. मोबदला तासावर देईन, आठवड्याच्या आठवड्याला.

कराड_संगम:
दादा, मी येऊ का? सॉलिडवर्क्स येतं, थर्ड अँगल कॉलेजात एकदाच काढलंय. शनिवारी सकाळच्या एसटीनं सांगलीला येऊ शकतो.

आयर्विन_पूल:
ये. ११ पर्यंत मी मिरजेहून परततो. विश्रामबागला उतर आणि फोन कर. आधी काकांच्या घरी जाऊ, ते चाक तुला हातानं मोजायला लावणार आहे. व्हर्नियर असेल तर घेऊन ये, नसेल तर माझी आहे.